अप्पाचं पाणी

त्या साली अहमदपुरात झाडांच्या सावल्यासुद्धा वाळल्या होत्या. मोंढ्यातल्या लिंबाखालून माणूस चालला की पायाखाली सावली पापडासारखी मोडायची. मी स्वतः ऐकलंय. एका दुपारी वावटळ आली आणि तिनं ती सावली उचलून थेट बसस्टँडवर नेऊन टाकली. चाकूरच्या गाडीची वाट बघणारी माणसं तिच्यात सरकून बसली, आणि इकडं झाड आपलं उन्हात उघडं. खोटं वाटत असेल त्यानं त्या लिंबाला विचारावं. तो अजून उभा आहे, फक्त बोलत नाही.

मी असं सांगायला लागलो की हॉटेलातली पोरं हसतात आणि माझा चहा त्यांच्या नावावर सांगतात. माझं नाव हणमंतराव, पोरंसोरं मामा म्हणतात. मोंढ्यात मी मापाडी होतो. धान्य तोलायचं काम. माप चोख आणि बोलणं सैल, अशी माझी ख्याती. त्यामुळं गावात कुणाचाही सौदा झाला की साक्षीदार म्हणून मलाच हाक यायची. माझ्या सहीला किंमत होती, बोलण्याला नव्हती. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

बसलिंगप्पांचं किराणा-भुसाराचं दुकान होतं. पांढरं धोतर, कपाळाला भस्म, हातात लोखंडी टोकाची काठी. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं. मी त्यांच्याच वयाचा, तरी अप्पाच म्हणायचो, आणि ते मला हणमंत्या म्हणायचे. मोंढ्यामागच्या गल्लीत त्यांचं एक जुनं पत्र्याचं घर होतं. दोन खोल्या, पुढं पडवी. ते त्यांनी रामकिशनला विकलं. रामकिशन बारदाना शिवायचा, म्हणजे फाटकी पोती. सदऱ्याच्या खिशाला दाभण टोचलेलं, खांद्यावर सुतळीचं भेंडोळं. एवढी रक्कम एकदम कुठून आणणार तो? म्हणून अप्पानं आधी थोडे पैसे इसार म्हणून घेतले, घराचा ताबा दिला, आणि उरलेले पैसे हप्त्यानं ठरले. एक हप्ता दिवाळीला, एक गुढीपाडव्याला. सगळे फिटले की खरेदीखत. बाँड झाला, त्यावर माझी सही झाली, पेढे वाटले. तेव्हा आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात होतो.

बाँडमध्ये एक कलम होतं. तीन हप्ते थकले तर विकणाऱ्यानं लेखी नोटीस द्यायची. ती राहत्या घरी, स्वतःच्या हातानं, साक्षीदारादेखत. नोटीस हातात पडल्यापासून महिन्यात पैसे आले नाहीत तर घर परत, आणि आधी दिलेलं सगळं बुडालं. पेढ्याच्या नादात ते कलम कुणी दुसऱ्यांदा वाचलं नाही.

पुढं जिल्हा तुटला. लातूर नवा जिल्हा झाला, आम्ही झोपेत उस्मानाबादचे होतो ते उठलो तेव्हा लातूरचे. लोकांनी हलगी लावली, गुलाल उधळला. आणि नव्या जिल्ह्याला जणू दृष्ट लागली. पावसानं पाठ फिरवली ती फिरवलीच. मोंढ्यात धान्य येईना. धान्य नाही तर पोती कशाला? आणि पोती नाहीत तर रामकिशन कशाला? तो रोज दाभण खिशाला टोचून मोंढ्यात यायचा, रिकाम्या ओट्यावर बसायचा, आणि सुतळीचं भेंडोळं उगाच सोडून परत गुंडाळायचा. पाडव्याला त्याचा तिसरा हप्ता थकला.

अप्पा कठोर माणूस नव्हता. पण त्यांचा लेक पंचाक्षरी लातूरला जागेचा इसार देऊन बसला होता. नव्या जिल्ह्याच्या ठिकाणी दुकान थाटायचं त्याच्या डोक्यात होतं. दुष्काळात गावची उधारी अडकली, त्याचेही हप्ते थकले, आणि लातूरच्या मालकानं त्याला पोस्टानं नोटीस धाडली. जो घेणारा होता तो तिकडं देणारा निघाला. रामकिशनचं घर परत घेऊन विकायचं आणि ते पैसे लातूरला भरायचे, असं ठरलं. म्हणून मग वकिलाकडून रामकिशनच्या नावची नोटीस लिहून आली आणि अप्पानं मला बोलावलं.

आता इथं तुम्हाला अप्पाच्या घराण्याची रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ज्या घरचं पाणी घशाखाली गेलं, त्या घरी त्या दिवशी पैशाचा शब्द काढायचा नाही. अप्पाच्या वडलांनी घोड्यावरून गावोगाव वसुली केली ती याच रीतीनं, आणि अप्पानंही ती मोडली नाही. बरं, कुणी पुढं केलेलं पाणी नाकारायचं, तर तेही त्यांना जमायचं नाही. पाण्याला नाही म्हणणं त्यांच्या लेखी पूजेला लाथ मारण्यासारखं होतं. चहा चालायचा. मोंढ्यात चहा पिऊन वर तगादा करायला त्यांची हरकत नव्हती. चहा ते पाण्यात धरत नसत. त्यामुळं वसुली सगळी मोंढ्यात व्हायची. चुकून अप्पा गल्लीत शिरले आणि काठी वाजली, की घराघरात तांबे खणखणायचे. सुकाळात याची सगळं गाव मजा घ्यायचं. अप्पासुद्धा मिशीत हसायचे.

पण नोटीस राहत्या घरीच द्यायची होती.

पहिल्यांदा गेलो ते चैत्रात. आमच्या वहाणा निघायच्या आत रामकिशनची बायको सिंधू तांब्या घेऊन पुढं.

"या अप्पा. या मामा. पाणी घ्या."

अप्पाचा हात कोटाच्या खिशात, नोटिशीवर. तो हात बाहेर आला आणि सवयीनं तांब्याला गेला. गटागट प्यायले. मग ओठ पुसले, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. माझ्याकडं बघितलं. मी पत्र्याकडं बघितलं.

काहीतरी बोलायला तर पाहिजे. अप्पा म्हणाले, "रामकिशन, पत्र्याच्या खिळ्यांना डांबर लावलंस का?"

"पाऊसच न्हाई तर डांबर कामून लावू अप्पा?"

"लावून ठिवावं. पाऊस काय चिठ्ठी धाडून येतो?"

घर परत घ्यायला गेलेला माणूस घर टिकवायचा सल्ला देऊन बाहेर पडला. गल्लीच्या तोंडाशी मला म्हणाले, "हणमंत्या, तू तरी आदी बोलायचंस की."

"मी साक्षीदार हाय अप्पा. साक्षीदारानं बगायचं असतं. बोलला की त्याचा वकील होतो."

दुसऱ्यांदा वैशाख लागला होता. अप्पानं निघताना घरीच पोटभर पाणी पिऊन घेतलं. इतकं, की चालताना त्यांच्या पोटातून रांजण हलवल्यासारखा आवाज येत होता आणि वाटेतल्या दोन शेळ्या त्यांच्या मागं लागल्या. शेळ्यांचं मी पदरचं सांगतोय असं वाटत असेल तर एकच शेळी धरा.

"तहान न्हाई गं पोरी," अप्पा उंबऱ्यातूनच म्हणाले. "आत्ताच पिऊन निघालोय."

सिंधू तांब्या धरून उभी राहिली. तिच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. "टँकरचं हाय अप्पा, पण गाळून घेतलंय. पहाटंपासून रांगेत हुभी होते. माझ्या हातचं पाणी परत धाडता व्हय?"

अप्पा तांब्याकडं बघत राहिले. मग प्यायले. त्यांना उचकी लागली, डोळ्यांत पाणी आलं. ते उचकीचं होतं असं ते म्हणाले.

कोपऱ्यावर पंचाक्षरी सायकल धरून उभा होता. "दिली का?"

"दिलं तिनंच," मी म्हणालो. "पाणी."

पंचाक्षरीनं कपाळावर हात मारला. "मामा, मला लातूरहून पोस्टानं आली नोटीस. तिकडं कुणी पाणी इचारत न्हाई. माझी जागा चाललीय आन् हे पाणी पिऊन राहिलेत!"

मी एक डाव टाकून बघितला. "पंचाक्षरी, बाँडावर घर उस्मानाबाद जिल्ह्यातलं हाय. नोटिशीत लातूर जिल्ह्यातलं. म्हंजी ते घर येगळं, हे येगळं. नोटीसच खोटी!"

"वकिलानं लिवलंय त्यात. पूर्वीचा उस्मानाबाद, हल्लीचा लातूर. मामा, तुमच्या बाता हॉटेलात ठिवा."

तो वाईट पोरगा नव्हता. रात्र रात्र झोपत नाही असं त्याची आई उमादेवी सांगायची. लातूरच्या त्या जागेवर त्यानं स्वतःच्या हातानं खुणेचे दगड पुरले होते.

मधल्या काळात मी एकदा एकटाच रामकिशनकडं गेलो. तो घरी नव्हता, नाल्याच्या खोदकामावर काम मिळतंय का बघायला गेला होता. आत त्याची म्हातारी आई धोंडाबाई पोत्यांच्या थरावर पडून होती. उन्हानं माझी जीभ टाळूला चिकटलेली. घागरी पालथ्या, माठ कोरडा. कोनाड्यात मात्र एक पितळी तांब्या, त्यावर वाटी झाकलेली. मी हात घातला.

"मामा, ते न्हाई," सिंधू धावतच आली. "ते अप्पाचं पाणी हाय."

आतून धोंडाबाई म्हणाली, "मला बी देत न्हाई ती. सासूपरीस सावकार मोठा झालाय घरात."

"आत्याबाई, टँकर आला की ते बदलते आन् जुनं तुम्हालाच देते की न्हाई? रोज मागायचं न्हाई." मग सिंधू माझ्याकडं वळली आणि हळू म्हणाली, "मामा, आत्याबाईंचा लेक तुमच्या लेकासारका हाय. त्याचं घर त्या तांब्यात हाय. नोटीस हातात पडली की महिना लागला. पडली न्हाई तवर घर आमचं. पाऊस पडंल, मोंढा चालंल, हे सगळं फेडतील. तवर एक तांब्या भरून ठिवायचा. एवढंच हाय माझ्या हातात."

मी तसाच उठलो. त्या दिवशी हॉटेलात पोरांनी म्हटलं, मामा, एखादी सांगा. मला एकही आठवली नाही.

ज्येष्ठाच्या तोंडाशी टँकर यायचा थांबला. कुणी म्हणालं इंजिन बसलं, कुणी म्हणालं ज्या विहिरीतून भरायचा तीच आटली. लोक बैलगाडीत पिंप घालून लांबलांब जायला लागले. रामकिशनकडं ना बैल, ना गाडी. सिंधू दोन कोसांवरच्या झऱ्यावर जायची आणि वाटीवाटीनं भरून अर्धी घागर आणायची. कधी तीही नाही.

पंचाक्षरीच्या मुदतीला जेमतेम दीड महिना उरला. त्यानं अप्पाच्या पायावर डोकं ठेवलं. अप्पानं उठून काठी घेतली, मला हाक मारली. या खेपेला पंचाक्षरी सोबत निघाला. "मी मधी बोलत न्हाई," म्हणाला, "नुस्तं बगतो."

गल्लीत शिरल्यावर अप्पानं काठी नेहमीपेक्षा जोरात आपटायला सुरुवात केली. प्रत्येक पावलाला. दगड नसेल तिथं दगड शोधून आपटायचे. मला कळलं. ते त्या घराला सांगत होते, येतोय मी, तांब्या काढा.

पडवीत रामकिशन बसला होता. त्यानं उठून दोन पोती अंथरली. आम्ही बसलो. आतून कुणी आलं नाही.

अप्पा खाकरले. "कसं काय चाललंय?"

"चाललंय, अप्पा."

"आईची तब्येत?"

"ताप हाय. जुलाब लागलेत."

पंचाक्षरी दाराच्या चौकटीला टेकून उभा. अप्पा आतल्या अंधाराकडं बघत होते. त्यांनी काठी फरशीवर एकदा वाजवली. मग आणखी एकदा. आणि मग मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं ते ऐकलं. अप्पा, ज्यांच्यापुढं आख्ख्या गावानं न मागता तांबे धरले, ते म्हणाले,

"सिंधू, पाणी दे की गं, पोरी."

सिंधू बाहेर आली. हातात तोच पितळी तांब्या. अप्पाच्या समोर उभं राहून तिनं तो पालथा केला. थेंब पडला नाही. तांब्या पालथा धरून ती तशीच उभी राहिली.

आतून धोंडाबाईचा आवाज आला, पिचलेला. "अप्पा, तुमचं पाणी मी पिले. लई मागितलं मी, तिनं चमच्याचमच्यानं पाजलं. तिला बोलू नगा. नोटीस माझ्या नावानं लिवा."

मी उठलो. "मी आणतो शेजारून. एक तांब्या कुणीबी देतंय."

"मामा," पंचाक्षरी चौकटीवरून म्हणाला, "शेजारचं पाणी पिऊन शेजाऱ्याचा तगादा थांबंल. ह्या घरचं पायजे. रीत तुमाला ठाऊक न्हाई का?"

तेव्हा मी तो डाव खेळलो ज्यात आयुष्य घालवलं होतं. छाती पुढं काढली आणि म्हणालो, "अप्पानं पाणी पिलंय. आत्ताच. मी साक्षीदार हाय, माझ्या देखत पिलं. तांब्या रिकामा दिसतोय तो म्हूनच रिकामा हाय. कुणीबी इचारू द्या, कोर्टात इचारू द्या, मी सांगंन. गार पाणी होतं, वाळा घातलेला होता त्यात..."

वाळा घालायला नको होता. माझी खोड तीच. साधं खोटं मला पुरत नाही.

कुणी हसलंही नाही. रामकिशन माझ्याकडं असं बघत होता, की मी सांगितलं ते खरं करून दाखवावं. सिंधूनं तांब्या सरळ केला आणि आत डोकावून बघितलं, जणू माझ्या बोलण्यानं एखादा घोट आला असावा.

"हणमंत्या," अप्पा म्हणाले, "माझं तोंड बग. कोरडं हाय."

"कोरडं असू द्या की अप्पा! तुमी नुस्तं हाव म्हना, मान हालवली तरी चालंल. एवढंच. माझं खोटं, तुमचं नुस्तं हाव."

अप्पाचे ओठ हलले. मला वाटलं म्हणतायत. पंचाक्षरीलाही वाटलं, त्याचा चेहरा पांढरा पडला. अप्पानं लेकाकडं बघितलं, मग रामकिशनकडं. घोट गिळायचा प्रयत्न केला, गळ्याचा मणी वर गेला आणि तिथंच थांबला.

"न्हाई पिलो," ते म्हणाले. "जी रीत वडलांनी पाळली ती पाणी असताना पाळली मी, आता नसताना बी पाळली पायजे."

रामकिशन उठला आणि त्यानं दोन्ही हात पुढं केले, प्रसाद घेताना करतात तसे. "द्या अप्पा. तुमचा हात किती टायम खिशात ठिवनार?"

नोटीस त्याच्या हातात पडली. त्यानं ती उघडली नाही. घडी करून खिशात ठेवली, दाभणाशेजारी. दुसऱ्या प्रतीवर माझी सही पाहिजे होती. पंचाक्षरीनं पेन दिलं. 'माझ्या समक्ष दिली,' असं लिहून मी सही केली. माझी सही चोख असते.

महिनाभरात पाऊस पडला नाही, मोंढा चालला नाही. धोंडाबाई मुदतीच्या आधीच गेली. घर रिकामं करायच्या दिवशी सिंधूनं पडवी झाडली, किल्ली अप्पाच्या दुकानी नेऊन दिली, आणि लातूरकडं जाणाऱ्या जीपच्या टपावर बोचकी चढवून ते दोघं गेले. तांब्या तिनं कोनाड्यातच ठेवला होता. अप्पानं तो तिथून कुणाला हलवू दिला नाही.

ते घरही विकलं गेलं नाही. दुष्काळात घर घेतो कोण? पंचाक्षरीची मुदत उलटली आणि लातूरची जागा गेली ती गेलीच. पुढच्या साली विहिरी भरल्या, धान्य आलं, पोती फाटली आणि शिवायला माणूस मिळेना. अप्पा वसुलीला गल्लीत पुन्हा कधी शिरले नाहीत. कुणाच्या ओट्यावर बसले आणि पाणी पुढं आलं, की उठून चालू लागायचे. ज्यांना पाण्याला नाही म्हणता येत नव्हतं, त्यांना दुसरं काही म्हणता येईना. गेले तेव्हा शेवटचं पाणी तोंडात घालायला पंचाक्षरी वाटी घेऊन बसला होता. ते बाहेरच आलं, असं उमादेवी म्हणाली.

हॉटेलातली नवी पोरं कधी विचारतात, मामा, मोंढ्यामागच्या त्या कुलूपवाल्या घरात कोण राहायचं? मी सांगतो, रामकिशन. आता कुठं असतो? लातूरला, मी सांगतो. कलेक्टर ऑफिसच्या समोर तीन मजली घर बांधलंय त्यानं. खाली बारदान्याचं दुकान, सुतळीचे गठ्ठे छताला लागलेले. आणि स्वयंपाकघरात नळ. त्याला रात्रंदिवस पाणी. सिंधू तो बंदच करत नाही. म्हणते, कुणी आलं तर धावपळ नको.

पोरं हसतात. "मामा, लातूरला नळाला रात्रंदिवस पाणी? कायबी फेकता."

मग मी म्हणतो, बरं, रात्रीचं नसेल. दिवसाचं धरा.